50 चा गेम 60 च्या मॉनिटरवर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही मिरजेहून लिहिलंय, "अमिगाचे गेम 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर मस्त चालतात. 50 चा आग्रह म्हणजे खूळ. व्हीसिंकने लॅग वाढतो, ते बंद करा, विषय संपला." हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, आणि व्हीसिंक म्हणजे नवं चित्र पडद्याच्या तालावरच दाखवणं. लॅगचा, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतच्या उशिराचा मुद्दा रास्त आहे, त्यावर येतोच. बाकीचं मात्र मला अजिबात पटलेलं नाही.

अमिगा हा जुना घरगुती कॉम्प्युटर. युरोपातला अमिगा पाल या टीव्ही-पद्धतीचा. सेकंदाला 50 फ्रेम, म्हणजे 50 चित्रं, काटेकोर मोजलं तर 49.92. आपल्या सांगली-मिरजेतल्या जुन्या टीव्हीचाही वेग हाच होता. त्या मशीनवरच्या चांगल्या गेममध्ये पार्श्वभूमी दर फ्रेमला ठरावीक पिक्सेल सरकते. आत कॉपर नावाचा को-प्रोसेसर असतो. टीव्हीचा झोत कुठल्या ओळीवर पोहोचलाय ते बघून तो मधूनच रंग बदलतो. पडद्याशी ताल धरूनच हे गेम लिहिले गेले, तो ताल मोडला की लिहिणाऱ्याची मेहनत वाया जाते, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

आता हाच गेम एम्युलेटरवर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर अमिगाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, 60 च्या मॉनिटरला लावा. दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवावी लागते, म्हणजे सेकंदाला दहा वेळा सरकणं अडखळतं. एखादा गेम आडवा सरकत असताना मागचा एकच खांब नजरेत धरून ठेवा. त्याची कड थरथरताना दिसेल. 50 वर तोच खांब सलग जातो. व्हीसिंक बंद केलंत तर अडखळणं जाऊन फाटणं येतं: वर जुनी फ्रेम, खाली नवी, आणि खांब मधोमध तुटलेला. ग्राफिक्स कार्ड कितीही दांडगं घेतलं तरी हे सुटत नाही. गेमिंग मॉनिटर 144 हर्ट्झवरच कायम ठेवला तर तोही इथे कामाचा नाही, कारण 144 ला 50 ने भाग जात नाही. 100 हर्ट्झवर मात्र प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा येते आणि गती सारखी राहते.

आता लॅग. दोन फ्रेम रांगेत थांबल्या की 50 हर्ट्झवर 40 मिलिसेकंद गेले, आणि उडी मारायच्या गेममध्ये ते बोटांना कळतं. पण दोष त्या रांगेचा आहे, व्हीसिंकचा नाही. ती रांग, म्हणजे बफर, कमी करा. विनयूएई या अमिगाच्या एम्युलेटरमध्ये तर फ्रेमचे आडवे तुकडे करून ते पडद्याच्या जरा पुढे काढत जायची सोय आहे, त्याने लॅग जवळपास संपतो.

मॉनिटर फ्रीसिंकवाला, म्हणजे येणाऱ्या फ्रेमप्रमाणे स्वतःचा वेग बदलणारा असेल आणि त्याची रेंज 48 हर्ट्झपासून सुरू होत असेल, तर 50 त्यात बसतं, काहीच जुळवावं लागत नाही. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर टीव्हीला जोडला असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 50 हर्ट्झ निवडा, बहुतेक टीव्ही ते घेतात. 49.92 आणि 50 मधला फरक एम्युलेटर वेग किंचित वाढवून भरून काढतो, कानाला कळतही नाही.

तुमच्या मॉनिटरचं मॉडेल आणि एम्युलेटरची आवृत्ती कळवा, नेमकी सेटिंग लिहून देतो. नाहीतर एखाद्या रविवारी सांगलीत विश्रामबागला या, दोन्ही पडदे शेजारी-शेजारी लावून दाखवतो.