‘आजोबा कुठे जिमला गेले होते?’ : त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने जिम सोडली. वय 27, हिंजवडीत नोकरी, उंची पाच फूट आठ इंच, वजन 63 किलो. का सोडलीस म्हणून विचारलं तर म्हणाला, “आईला रात्र रात्र झोप लागत नाही रे. तो मेसेज आलाय ना.”

तो मेसेज मलाही तीन ग्रुपांवरून आला होता, तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : आपले आजोबा कधी जिमला गेले नाहीत, तरी नव्वदीपर्यंत ठणठणीत जगले. बारीक अंगकाठीच्या मुलांना व्यायामाची गरजच काय? जिममध्ये वजनं उचलणारी तरुण पोरं हार्ट अटॅकने जात आहेत. प्रोटीन पावडरने किडनी जाते, धावण्याने गुडघे जातात. पोरांना सांगा, घरचं खा, रोज दहा हजार पावलं चाला, बास झालं.

पाठवणाऱ्यांच्या मनात काळजी आहे, हे मला ठाऊक आहे. मावशीची तर आहेच. पण हा मेसेज नेमक्या त्याच मुलांना घरी बसवतोय ज्यांना स्नायू कमावण्याची सगळ्यात जास्त गरज आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

“आजोबा जिमला गेले नव्हते, तरी नव्वद वर्षं जगले.”

जे नव्वदीपर्यंत जगले, तेच आजोबा आपल्याला भेटले. बाकीचे भिंतीवरच्या फोटोत राहिले. 1941 ते 1951 या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान जेमतेम 32 वर्षं होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा फार मोठा होता हे खरं, पण क्षय, कॉलरा आणि मलेरिया यांनी ऐन तिशी-चाळिशीतली माणसंही नेली. एका दीर्घायुषी आजोबांवरून त्या अख्ख्या पिढीची तब्येत ठरवता येत नाही.

आणि आजोबांनी व्यायाम केला नाही, हे तरी कोणी सांगितलं? नांगर धरणं, मोट हाकणं, पोती वाहणं, बाजाराच्या गावी पायी जाणं ही कामं रोजची होती. शिवाय गावोगावी तालीम होती. लाल मातीत जोर-बैठका होत्या, मुदगल होते, मल्लखांब होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबागचं मैदान बांधलं ते 1912 मध्ये. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं ते 1914 मध्ये. औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार रुजवले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, ते याच मातीतून. शरीर कमावणं ही मराठी घरांत परदेशातून आलेली हौस नाही. मधल्या दोन पिढ्यांत आपण ती सोडून दिली, एवढंच.

“बारीक मुलाला व्यायामाची काय गरज?”

या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. कोणत्याही तक्त्यात दोघेही ‘नॉर्मल’. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वजन-उंचीचं गणित तेच, पण एकाच्या अंगात दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त चरबी.

हे एकट्या माणसापुरतं नाही. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये नवजात बाळं मोजली. त्यांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे 3.5. आपली बाळं हातापायांनी बारीक होती, स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. म्हणजे ही ठेवण जन्मापासूनची. ती बाळं 1990 च्या दशकाच्या मध्यात जन्मली. आज ती तिशीच्या आसपास असतील, माझ्या मावसभावाच्या जवळपासच्या वयाची.

आता हा मुलगा नऊ-दहा तास खुर्चीत बसतो, तास-दीड तास बसमध्ये. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. हे गिऱ्हाईकच आपल्याकडे मुळात कमी. मग ती साखर जाणार कुठे? यकृतात आणि पोटाच्या आत चरबी साठत राहते, हातपाय काडीसारखेच राहतात आणि घरचे म्हणतात, “किती बारीक आहेस रे, खा जरा.” पस्तिशीत कंपनीच्या तपासणीत साखर वाढलेली निघते, तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटतं.

वजनकाट्यापेक्षा टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. भारतीय पुरुषासाठी 90 सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. पँटच्या नंबरावर जाऊ नका. आपल्यापैकी बरेच जण 34 ची पँट पोटाच्या खाली बांधतात आणि कंबर 34 आहे असं समजून चालतात. शर्ट खांद्यात सैल आणि तिसऱ्या बटणापाशी ताणलेला असेल, तर तुमचा शिंपी तुम्हाला हीच गोष्ट केव्हापासून सांगत असणार. ऑफिसात नीटनेटकं दिसण्यासाठी महागडे कपडे घेण्याआधी मी तरी याच्याकडे बघेन.

“जिममुळे तरुणांना हार्ट अटॅक येतो.”

पुनीत राजकुमार 2021 मध्ये गेले, वयाच्या 46 व्या वर्षी. व्यायामाची आवड असलेला, सगळ्यांचा लाडका कन्नड नट असा अचानक गेला आणि तेव्हापासून ही भीती घराघरांत बसली. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 18 ते 45 वयातल्या अचानक मृत्यूंचा देशभरातल्या 47 रुग्णालयांमधून अभ्यास केला, तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूची शक्यता वाढवणाऱ्या गोष्टींत मृत्यूआधीच्या दोन दिवसांत केलेली अतिश्रमाची हालचाल होती. हे मेसेजवाले सांगतात. त्याच यादीत घराण्यात कुणाचा तरी अचानक झालेला मृत्यू होता, आधीच्या दोन दिवसांत एका बैठकीत ढोसलेली दारू होती, नशेची द्रव्यं होती आणि कोविडमुळे रुग्णालयात राहावं लागणं होतं. हे ते सांगत नाहीत. शनिवारी रात्री दोनपर्यंत पिऊन रविवारी सकाळी ट्रेडमिलवर जीव तोडून धावणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यातलं काय थांबवायला हवं, हे त्या यादीत स्पष्ट आहे.

‘अतिश्रम’ कुणाच्या अंगाशी येतो हेही बघायला हवं. 1993 मध्ये अमेरिकेत हार्ट अटॅक आलेल्या सुमारे 1,200 रुग्णांचा अभ्यास झाला. जोरदार श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याची शक्यता किती वाढते, हे संशोधकांनी काढलं. आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्यांत ती 107 पट वाढत होती. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा करणाऱ्यांत ती 2.4 पट होती. एका तासापुरता मुळातला धोका फार लहान असतो, म्हणून पट मोठे दिसले तरी घाबरून जायचं कारण नाही. पण फरक बघा. धोका सवय नसताना केलेल्या श्रमात आहे, आणि त्यावरचा उपाय म्हणजे सवय.

लंडनच्या बसची गोष्ट मला इथे आठवते. जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली. एकाच डेपोतली माणसं, पण ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर दिवसाला सुमारे 600 पायऱ्या चढत होता. म्हणजे रोज जवळजवळ सहा वेळा पुण्याची पर्वती टेकडी. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता आणि झाला तरी तो कमी जीवघेणा होता. मॉरिस यांनी पुढे गणवेशाच्या पँटींची मापंही तपासली. तेव्हा दिसलं की ड्रायव्हरांच्या कमरा नोकरीच्या सुरुवातीपासूनच जाड होत्या, म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. स्वतःच्याच निष्कर्षावर असा प्रश्न विचारणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो. पुढच्या सत्तर वर्षांतल्या अभ्यासांनी मूळ गोष्ट पक्की केली : बसून राहणाऱ्याचं हृदय आधी थकतं.

आणि दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा आधी येतो, हे 52 देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दिसलं आहे. आपल्याकडे निम्मे झटके 53 व्या वर्षाच्या आत, इतरत्र 59 च्या आसपास. पाच-सहा वर्षं आधी. त्यात जिमचा काही संबंध नव्हता. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पोट, कोलेस्टेरॉल आणि व्यायामाचा अभाव, हीच मंडळी होती.

काय टाळायचं ते मात्र ठामपणे सांगतो. घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल, जिना चढताना छातीत दडपतं किंवा व्यायाम करताना चक्कर येऊन पडायला होतं, तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतल्याशिवाय जोराचा व्यायाम करू नका. ताप असताना जिमला जाऊ नका. आणि ट्रेनरने “लवकर रिझल्ट हवाय का?” म्हणत इंजेक्शन पुढे केलं, तर त्याच दिवशी ती जिम बदला. स्टेरॉइड हृदयाचा स्नायू बिघडवतात. मेसेजमध्ये हे एक वाक्य असतं तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

“प्रोटीनने किडनी जाते.”

ज्याची किडनी आधीच दुखावलेली आहे त्याने प्रथिनं जपूनच खायला हवीत, हे बरोबर. निरोगी माणसाबद्दल हे खरं नाही. 2018 मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. जास्त प्रथिनं खाणाऱ्या निरोगी माणसांच्या किडनीचं काम बिघडलेलं त्यात दिसलं नाही. शंका असेल तर किडनीचं काम दाखवणाऱ्या दोन गोष्टी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, तपासून घ्या, खर्च थोडका असतो.

आपला खरा प्रश्न उलटा आहे. 65 किलोच्या माणसाला दिवसाला 54 ग्रॅम प्रथिनं हवीत असं आयसीएमआर सांगते, आणि वजनं उचलणाऱ्याला त्याहून बरीच जास्त लागतात. मी माझ्या ताटाचा हिशेब केला. सकाळी पोहे, दोन्ही वेळा दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण आणि थोडा भात. कसेबसे चाळीस ग्रॅम. वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच असतात, कारण त्यात पाणी जास्त आणि डाळ कमी. मग मी मोड आलेली मटकी, दोन-तीन अंडी, मूठभर शेंगदाणे आणि रात्री ग्लासभर दूध वाढवलं. जे मासे-चिकन खातात त्यांना हे आणखी सोपं आहे.

पावडरीबद्दल मी सावध आहे. आयसीएमआरच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेतही अन्नालाच पसंती दिली आहे. त्याच वर्षी केरळमधल्या डॉक्टरांनी भारतातली 36 प्रोटीन उत्पादनं तपासली, तेव्हा सुमारे 70 टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. पण म्हणून अंड्याला आणि मटकीला घाबरायचं का?

“धावलात की गुडघे जाणार.”

2017 च्या एका मोठ्या आढाव्यात हौसेने धावणाऱ्यांपैकी 3.5 टक्के लोकांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज आढळली. न धावणाऱ्यांत ती 10.2 टक्के होती आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत 13.3 टक्के. टाटा मुंबई मॅरेथॉनसाठी तीन महिन्यांत शून्यावरून 42 किलोमीटर गाठू नका. बाकी धावा.

“रोज दहा हजार पावलं पुरेत.”

हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, 1965 मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला आणलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मोजमापक. चालणं उत्तमच, त्याहून कमी पावलांनीही फायदा होतो. पण त्याने दंड, पाठ आणि खांदे बळकट होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आहे आणि त्याच्यासोबत किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आहे. मेसेजने नेमका हा दुसरा भाग गाळला. हे दोन दिवस जिममध्येच घालवायला हवेत असंही नाही. घरी जोर-बैठका, बारवर लटकणं, पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरून उठाबशा, यानेही सुरुवात होते. फक्त दर आठवड्याला थोडं वाढवत न्यायचं.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, “आधी डॉक्टरांना दाखवू दे, मग काय ते करा.” तिची अट मला पटली, कारण तिचा भाऊ, आमचा मामा, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला. तो जिमला कधीच गेला नव्हता. बँकेत बसून नोकरी केली, अंगाने शेवटपर्यंत बारीकच होता.

मावसभावाचा ईसीजी आणि इको झाला, रिपोर्ट गुरुवारी मिळतील. तोवर आम्ही दोघं रोज सकाळी सहाला पर्वती चढतोय, न धावता, बोलता येईल इतक्याच वेगाने.