काकू, जरा बघाल का?

दिवाळीच्या सुट्टीत लहान पोरांना घेऊन कोकणात जायचा प्लॅन चाललाय? जा, जरूर जा. मी आत्ताच दिवेआगरहून परत आलेय, तीन दिवस रिसॉर्टच्या पूलकाठी बसून जे ज्ञान मिळालं ते वाटून टाकते. (गेले होते खरं तर पुस्तक वाचायला. अकराव्या पानावर खूण तशीच आहे.)

सुरुवात घरापासून. चांदणी चौक पार होईपर्यंत मुलाच्या हातात मोबाईल द्या, त्यानंतर ताम्हिणीत त्याला सनरूफमधून बाहेर काढून उभं करा. सनरूफ असतं कशाला मग? चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा नसेल तर 1000 रुपये दंड आहे म्हणे, पण घाटात मामा थोडेच उभे असतात.

आजी-आजोबांना सोबत घ्याच. "तेवढाच तुम्हाला चेंज" असं म्हणायचं, म्हणजे त्यांनाही बरं वाटतं आणि स्टेटसला फॅमिली ट्रिप म्हणून फोटो पण छान येतो. चेंज म्हणजे काय, तर पुण्यात आजी सोफ्यावर बसून नातवाला भरवते, इथे एसी रूममधल्या बेडवर बसून भरवेल. आमच्या शेजारच्या रूममधल्या आजी तीन दिवसांत एकदाही समुद्रावर गेल्या नाहीत. गुडघ्याला पट्टा बांधलेला, मांडीवर दीड वर्षाची नात, आणि मुलगा-सून बनाना राईडला. मी विचारलं तर म्हणाल्या, "मला नाही बाई आवडत ते वाळूत चालणं." आणि दुसऱ्या मिनिटाला मलाच विचारतायत, आज भरती किती वाजता आहे हो?

सांभाळायला मावशी नेणार असाल तर त्यांची झोपायची सोय काय, हे तिथे पोचल्यावरच ठरवा.

जितकी जास्त माणसं न्याल तितकं मूल सेफ, हे लक्षात ठेवा. मी होते त्या रिसॉर्टवर आलेल्या ग्रुपमध्ये तीन गाड्या, अकरा मोठी माणसं आणि चार पोरं होती. हिशेब करा, एका पोरामागे पावणेतीन माणसं. आई समजते बाबाकडे आहे, बाबा समजतो आत्याकडे आहे, आत्या रील काढतेय, काका ताज्या सुरमईचा भाव करतायत, आणि पोरगं एकटं गेटपाशी कुत्र्याच्या तोंडात हात घालतंय. "सगळे आहेत ना" हे आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त पाळणाघर.

आणि कोणीच नसेल तर देवाच्या भरवशावर सोडा. दिवेआगरात तर सोडाच, जिथून खुद्द सोन्याचा गणपती 2012 मध्ये चोरीला गेला होता.

आता पूल. पूलवर मुलाला आणल्यावर आधी एखादी एकटी बसलेली, चष्मा लावलेली, निरुपद्रवी दिसणारी बाई हेरायची. तिला काकू म्हणायचं (मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, पण असो). "काकू, तुम्ही आहात ना इथे? जरा बघाल का, मी दोन मिनिटांत आले." उत्तराची वाट बघायची नाही, वाट बघितली तर ती बाई नाही म्हणू शकते. त्या आईची दोन मिनिटं म्हणजे माझ्या घड्याळात पन्नास. शार्कची चित्रं असलेली चड्डी, वय वर्षं चार, हे त्यानेच मला चार बोटं नाचवून सांगितलं. बाबा घोरतो हेही सांगितलं. मग म्हणाला हे टोचतंय, आणि दंडावरचे ते फुगवलेले आर्म बँड त्याने काढून फेकले, मी "अरे अरे घाल ते" म्हणत उठेपर्यंत छोट्या पूलच्या बुटक्या कठड्यावर चढला आणि पलीकडच्या मोठ्या पूलमध्ये गेला. आवाज नाही. मी हे परत लिहितेय, कारण मला स्वतःला माहीत नव्हतं. आवाज होत नाही. सिनेमात दाखवतात तसं हात हलवून वाचवा वाचवा कोणी करत नाही, तोंड पाण्याखाली गेलेलं लेकरू ओरडणार कशाने? नुसते केस वर तरंगताना दिसले आणि माशासारखं उघडमीट होणारं तोंड. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस, माझ्यापेक्षा जवळ बसलेला, मोबाईलमध्ये मॅच बघत होता, त्याला पत्ताच नाही. मी कुर्त्यासकट, खिशातल्या फोनसकट उडी मारली. पाणी माझ्या छातीपर्यंत. काढला बाहेर, खोकला, उलटी केली, मग जोरात भोकाड पसरलं, आणि ते भोकाड ऐकून माझे पाय लटलटायला लागले.

वडील आले कांदाभज्यांची प्लेट घेऊन. "काय झालं चॅम्प?" मग माझ्याकडे वळून, "थँक्यू हं काकू. पण आर्म बँड होते ना त्याला?"

होते. ते पाण्यावर छान तरंगत होते.

रात्री त्यांनी मॅनेजरला अर्धा तास झापलं, लाइफगार्ड का नाही ठेवला म्हणून. लाइफगार्ड हवाच, त्यात वाद नाही. पण लाइफगार्डला तरी आईबापांनी कमीत कमी "दोन मिनिटांत आले" असं सांगून जायचं की नाही?

आता उपरोध वगैरे जाऊ दे, मला जमत नाहीये. अरे, चार वर्षांचं पोर आहे ते, बॅग नाही "जरा लक्ष ठेवा" म्हणून स्टेशनवर सोडायला. पाण्यात जीव जायला दोन-तीन मिनिटं पुरतात, गुडघाभर पाणीही पुरतं, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांना धोका सगळ्यात जास्त असतो, हे मी आता घरी येऊन वाचलं, तुम्ही निघायच्या आधी वाचा. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केला, हात जोडलेले इमोजी टाकले, आणि पुढच्या शनिवारी पोरं खांद्यावर घेऊन परत पाण्यात उभे. पाळी लावा ना! अकरा माणसं आहात, एकेकाने अर्धा तास, फोन रूमवर ठेवून, पोर हाताच्या अंतरावर, आणि पाळी बदलताना तोंडाने बोलायचं की आता तू बघ. ऑफिसमध्ये हँडओव्हरच्या एक्सेल शीट करता, इथे काय होतं तुम्हाला? दमता, मान्य आहे, मी पण एक पोर वाढवलंय, मला पण तेव्हा दोन तास झोप हवी असायची. मग तसं सांगा नवऱ्याला, दिराला, पैसे देऊन माणूस ठेवा. आणि त्या आजींना एकदा तरी समुद्र दाखवा, त्यांना गृहीत धरू नका. मलाही धरू नका.

माझा फोन चार दिवस झाले तांदळाच्या डब्यात आहे. अजून चालू नाही. त्या ग्रुपमधल्या कोणी विचारलंही नाही.