गावचं बचत खातं तसंच ठेवू नका

‘आखातात नोकरी लागली तरी गावच्या बचत खात्यातच पैसे पाठवा आणि तिथेच एफडी करा’ हा लेखातला सल्ला कृपया दुरुस्त करा. नोकरीसाठी देश सोडला की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे ते खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं, भारतातल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. तिकडची कमाई ठेवायला वेगळं एनआरई खातं उघडायचं. एनआरईच्या व्याजावर भारतात कर नाही. एनआरओच्या व्याजातून बँक ३० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) आणि वर सेस (उपकर) कापते. गुहागर-दापोलीत घर चालवणाऱ्या आईला किंवा बायकोला पैसे काढता यावेत म्हणून एनआरई खात्यावर मँडेट (खातं चालवायचा लेखी अधिकार) द्या. गणपतीला याल तेव्हा या खात्यांच्या कामासाठी पासपोर्ट, व्हिसा आणि तिकडच्या पत्त्याचा पुरावा सोबत असू द्या. एनआरई एफडी किमान १ वर्षाची असते, त्याआधी मोडली तर व्याज शून्य! म्हणून सगळी रक्कम एकाच पावतीत अडकवू नका. तीन-चार छोट्या पावत्या करा, नड आली की त्यातली एकच मोडा.

बागेचा मुद्दा तर लेखात सुटलाच आहे, आणि आपल्याकडे पहिली बचत हमखास तिकडेच वळते. एनआरआयला (अनिवासी भारतीयाला) शेतजमीन, बाग किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. घर किंवा बिनशेती प्लॉट चालतो. हापूसची कलमं दाखवून एजंट इसार मागत असेल, तर आधी सातबारा आणि बिनशेती आदेश मागा. जुनं पीपीएफ (सरकारी दीर्घ मुदतीच्या बचतीचं खातं) मात्र बंद करू नका, १५ वर्षांची मुदत संपेपर्यंत त्यात पैसे भरता येतात.