वर्गाबाहेर काढणं ही शिक्षा कोणासाठी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, तुमची प्रतिक्रिया आली तेव्हाच अर्धं उत्तर टाइप केलं होतं, पण ते नुसतं 'आपल्या मताचा आदर आहे' टाइप होत चाललं होतं म्हणून पुसून टाकलं. तुम्ही चिडून लिहिलंय आणि चिडण्यासारखंच आहे सगळं, त्यामुळे नीट सविस्तर लिहिते.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की समावेशक वर्गात, म्हणजे दिव्यांग मुलं बाकीच्यांबरोबरच शिकतात अशा वर्गात, दंगा करणाऱ्या मुलाला उठसूट वर्गाबाहेर काढून काही साध्य होत नाही. सरांचं म्हणणं, की एका मुलापायी चाळीस मुलांचं नुकसान का करायचं, नियम सगळ्यांना सारखा हवा, 'त्याला प्रॉब्लेम आहे' म्हणून सूट दिली की बाकीची पोरं शेफारतात, आणि विशेष शाळा असताना हे ओझं वर्गशिक्षकाच्या गळ्यात कशाला. आणि शेवटी, 'तुम्ही विशेष शिक्षक येता, त्या एका मुलाबरोबर अर्धा तास बसता आणि जाता, वर्ग आम्हाला सांभाळावा लागतो.' हे शेवटचं जरा लागलं, पण खोटं नाहीये. माझ्यासमोर एका वेळी एक-दोनच मुलं असतात.

आधी तुमच्या चाळीस मुलांबद्दल बोलू, कारण आमच्यातले लोक नेमके तिथेच गुळमुळीत बोलतात. दिव्यांग मुलं वर्गात आहेत म्हणून बाकीच्यांचा अभ्यास मागे पडतो असं एकूण संशोधनात दिसत नाही, हे खरंय. पण दिव्यांग असणं आणि तास बंद पाडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना. व्हीलचेअरवरची मुलगी कोणाचा तास बंद पाडत नाही. दंग्याचा मात्र परिणाम होतो आणि तो मोजलेला आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका काउंटीत कॅरेल आणि होक्स्ट्रा या दोन अर्थतज्ज्ञांनी कोर्टातल्या अर्जांवरून, घरात मारहाण होते अशी मुलं कोणत्या वर्गात आहेत ते शोधलं, आणि त्या मुलांबरोबर शिकणाऱ्या बाकीच्या मुलांचे वाचनाचे, गणिताचे मार्क कमी झालेले आणि बेशिस्त वाढलेली त्यांना दिसली. हे 2010 चं. म्हणजे तुमचा मुद्दा बरोबर, एका मुलाच्या त्रासाची किंमत अख्खा वर्ग मोजतो. पण त्याच दोघांनी 2012 मध्ये पुढचा भाग छापला तो कोणी सांगत नाही. ज्या घरांमधली मारहाण अजून कोर्टापर्यंत गेलेली नव्हती त्या मुलांचा वर्गावर परिणाम होत होता, आणि एकदा तक्रार झाली की तो परिणाम नाहीसा झालेला होता. मूल कुठे हलवलं म्हणून नाही, त्याच्या मागे जे चाललं होतं त्याला कोणीतरी हात घातला म्हणून. आता ही मुलं दिव्यांग होती असं नाही, पण वर्गाचं नुकसान होतंय एवढ्यावरून मुलाला काढा हाच उपाय निघत नाही, एवढं तरी यातून कळतं.

आता वर्गाबाहेर काढण्याबद्दल, कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे. तुम्ही मला मऊ समजताय. माझी तक्रार उलटी आहे, की वर्गाबाहेर काढणं ही फार वेळा शिक्षाच नसते.

एक मुलगा सांगते. सहावीतला, हुशार, तोंडी विचारलं तर गणितं पटापट सोडवणारा, पण लिहिताना हात चालत नाही, फळ्यावरचं उतरवायला त्याला बाकीच्यांच्या दुप्पट वेळ लागतो आणि तरी अक्षर त्यालाच वाचता येत नाही. गणिताच्या तासाला बाईंनी फळ्यावर उदाहरणं लिहायला सुरुवात केली की पहिल्या दुसऱ्या उदाहरणापर्यंत शांत, तिसऱ्याला कंपासपेटी खाली पडणार. मग ती उचलायला बाकाखाली जाणार, तिथून पुढच्याची बूट-लेस ओढणार, तो ओरडणार, बाई मागे वळणार, 'तू परत सुरू केलंस?', हा उलट बोलणार, वर्ग हसणार, 'चल बाहेर हो'. आणि बाहेर गेल्यावर हा पठ्ठ्या खिडकीजवळ उभा राहून एकदम शांतपणे आतली उदाहरणं मनातल्या मनात सोडवत असायचा, मला दिसलं की बोटांनी उत्तर दाखवायचा. बाईंच्या दृष्टीने शिक्षा झाली. त्याच्या दृष्टीने लिहिणं टळलं. दुसऱ्या दिवशी कंपासपेटी दुसऱ्याच उदाहरणाला पडली, पडणारच ना, रस्ता माहीत झाला होता.

याला आमच्याकडे 'वर्तनाचं कार्य' म्हणतात, जड शब्द आहे, अर्थ एवढाच की या वागण्यातून त्या मुलाच्या पदरात काय पडतंय ते बघा. कोणाला लक्ष हवं असतं, कोणाला अवघड कामातून सुटका, कोणाला एखादी वस्तू, आणि काहींना आवाज-उजेड-गर्दी सहन होत नाही म्हणून शरीराचंच काहीतरी चाललेलं असतं. कॅर आणि ड्युरंड या दोन संशोधकांचा 1985 चा एक छोटासा प्रयोग आहे, फक्त चार मुलं, सगळी विकासाच्या अडचणी असलेली. कोण कशासाठी दंगा करतंय ते आधी तपासलं. जो काम अवघड झालं की करायचा त्याला 'मला समजलं नाही' म्हणायला शिकवलं, जो लक्ष मिळवायला करायचा त्याला 'मी बरोबर करतोय ना?' विचारायला शिकवलं. दंगा कमी झाला. मला त्यातला पुढचा भाग जास्त आवडतो, वाक्यांची अदलाबदल केली, म्हणजे सुटका हवी असलेल्याला लक्ष मागायचं वाक्य दिलं, तर काही उपयोग झाला नाही. म्हणजे नुसतं प्रेमाने बोला, समजून घ्या, असलं काही पुरत नाही, कारण नेमकं सापडावं लागतं.

आता तुमचं 'नियम सगळ्यांना सारखा'. मान्य. कंपासपेटी फेकायची नाही हा नियम त्या मुलालाही आहेच, कोणी उठवला नाही. पण नियम सांगून काय होतं ते बघा. 1968 साली मॅडसन, बेकर वगैरे मंडळींनी वर्गात मोजून पाहिलं, नुसते नियम सांगण्याने जवळपास काहीच फरक पडला नाही, फरक पडला तो किरकोळ खोड्यांकडे दुर्लक्ष आणि नीट वागणाऱ्याचं तिथल्या तिथे नाव घेऊन कौतुक या दोन्ही गोष्टी एकत्र केल्यावर. त्याच वर्षीचा यांचाच अजून एक प्रयोग तर ऐकूनच हसू येतं, पहिलीच्या वर्गात बाईंनी 'खाली बसा, खाली बसा' जास्त वेळा म्हटलं तर उभी राहणारी मुलं वाढली! आणि बसलेल्यांचं कौतुक केलं तर कमी झाली. आपण सगळे दिवसभर 'खाली बसा' म्हणतो, मी पण.

सूट दिली का? नाही हो. त्या सहावीतल्या मुलाला दहाऐवजी चार उदाहरणं वहीत, बाकीची तोंडी, आणि फळ्यावरून उतरवायच्या ऐवजी छापील कागद. पण ती चार करायचीच, पेटी पडली तरी करायचीच, तास संपला तर मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटं बसून करायची. आणि हात थकला तर टेबलावर एक लाल कार्ड ठेवायचं, दोन मिनिटं उठून पाणी पिऊन यायचं, परत यायचं. सुटका मिळणार, पण मागून मिळणार, पेटी पाडून नाही. हे बाहेर उभं करण्यापेक्षा कडक आहे की नाही सांगा. यात एक गोम आहे आणि ती आधीच सांगून ठेवते, नाहीतर तिसऱ्या दिवशी तुम्ही मला शिव्या घालाल. जुना रस्ता बंद केला की मूल आधी जास्त जोर लावतं. पेटी पाडून भागत नाही म्हटल्यावर बाक ढकलेल. नेमकं त्याच दिवशी सगळ्यांचा धीर सुटतो, 'बघा, म्हटलं नव्हतं?' म्हणून त्याला बाहेर काढतात, आणि तो काय शिकतो? की आता बाक ढकलावा लागतो. तो दिवस रेटून न्यायचा असेल तर दुसरं मोठं माणूस वर्गात लागतं, एकट्या शिक्षकाच्या हातचं ते काम नाही, यावर मी तुमच्याच बाजूने आहे.

हे सगळं हिशोबी वागण्याबद्दल झालं. मेल्टडाऊन वेगळा. स्वमग्न मूल कान दाबून किंचाळतंय, डोकं आपटतंय, तेव्हा ते काही मिळवायला करत नसतं, त्याचा फ्यूज उडालेला असतो. तिथे बक्षीस नाही, कार्ड नाही, 'तू असं का केलंस' तर अजिबात नाही. आवाज कमी करा, कमीत कमी बोला, गर्दी हटवा. आणि मारायला, चावायला लागलं, हातात कात्री आली, तर आधी सगळ्यांचा जीव सांभाळा, त्या मुलाला ओढत बाहेर नेण्यापेक्षा बाकीच्या वर्गाला दुसऱ्या खोलीत नेणं बऱ्याचदा सोपं आणि सुरक्षित पडतं. त्यात कुठलं तत्त्वज्ञान आणायची गरज नाही. अमेरिकेच्या कायद्यातसुद्धा दिव्यांग मुलाने शाळेत शस्त्र आणलं, ड्रग्ज आणले किंवा कोणाला गंभीर इजा केली तर 45 शालेय दिवसांपर्यंत वेगळ्या ठिकाणी ठेवायची मुभा आहेच. एरवी मात्र शिक्षा म्हणून 10 शालेय दिवसांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं झालं तर आधी बसून ठरवावं लागतं की हे वागणं अपंगत्वातून आलंय का, किंवा शाळेने ठरलेली मदत दिली नाही म्हणून झालंय का. हा दुसरा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही.

बाकीची पोरं शेफारतात हा मुद्दा. शेफारतात, जर त्यांना दिसलं की दंगा करणाऱ्यालाच सगळं मिळतं आणि गप्प बसणाऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. म्हणून उपाय अख्ख्या वर्गाला लागतो, एका मुलाला चिकटवलेला नाही. 1969 पासून वापरात असलेला एक साधा खेळ आहे, वर्गाच्या दोन टीम, ठरलेल्या वेळात नियम मोडला की त्या टीमवर एक खूण, कमी खुणांची टीम जिंकते, दोन्हींच्या खुणा कमी असतील तर दोघी जिंकतात. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या शाळांमध्ये हा पहिलीत-दुसरीत खेळवला होता आणि ती मुलं मोठी होईपर्यंत माग ठेवला, पहिलीत जास्त मारकुटे असलेल्या मुलग्यांमध्ये तरुणपणी व्यसनांचं प्रमाणही कमी निघालं. एक सांभाळा, ज्याला बसताच येत नाही त्या मुलाला टीम हरवणारा ठरवलंत तर मधल्या सुट्टीत पोरं त्याला धुतील, त्याच्यापुरतं खुणांचं गणित वेगळं ठेवा. आणि जेकब कुनिन नावाच्या माणसाने वर्गांचे व्हिडिओ बघून 1970 मध्ये मांडलं होतं, की चांगला वर्ग आणि बिघडलेला वर्ग यांच्यात रागावण्याच्या पद्धतीने फरक पडत नव्हता. फरक होता तो शिक्षकाचं लक्ष चौफेर असण्याचा, दंगा पसरायच्या आत योग्य मुलाला हटकण्याचा आणि दोन कामांच्या मध्ये वेळ रिकामा न सोडण्याचा. हे तुम्ही रोज करताच, उगाच तुम्हाला शिकवत नाहीये.

विशेष शाळेबद्दल मी काही कट्टर नाही. काही मुलांना काही काळ वेगळी जागा लागते, पण ते मदत देऊन पाहिल्यावर ठरावं, वैतागून नाही. आणि तुम्ही ज्याला समावेशक शिक्षण समजून वैतागलात ते समावेशक नाहीच. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 चा, त्याच्या समितीने 2016 मध्ये साफ लिहून ठेवलंय की अभ्यासक्रम, शिकवायची पद्धत, व्यवस्था काही न बदलता मुलाला सर्वसाधारण वर्गात नेऊन बसवणं म्हणजे समावेशन नव्हे. तुमच्या शाळेने एक मूल आणून बसवलं, तुम्हाला ना ट्रेनिंग, ना मदतनीस, ना वर्गातली संख्या कमी केली. भांडायचं असेल तर तिथे भांडा, माझी सही पण घ्या.

पण भांडायला कागद लागतो. 'फार त्रास देतो' ऐकून ऑफिस हलत नाही. दोन आठवडे एक साधा तक्ता ठेवा: किती वाजता आणि कोणता तास, त्याच्या आधी लगेच काय घडलं, त्याने काय केलं, त्यानंतर लगेच काय झालं. 'मुद्दाम', 'उद्धट' असले शब्द नकोत, डोळ्यांना दिसलं तेवढंच. शेवटचा रकाना लिहायला सगळ्यात जड जातो, कारण त्यात आपणच असतो.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या वर्गातला तो मुलगा जवळपास रोज चौथ्या तासाला दारातून पळतो आणि अख्खा वर्ग डिस्टर्ब होतो. मला दोनच गोष्टी कळवा, चौथा तास कशाचा असतो, आणि तो पळाला की त्याला आणायला कोण जातं आणि येताना त्याच्याशी काय बोलतं. मग पुढचं बोलू.