‘आधी दंड भरा, मग अपील करा’ म्हणणाऱ्यांसाठी

साताऱ्यातील टुरिस्ट गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. विमानतळावर ‘गाडी हवी का’ असे प्रवाशांना विचारल्याबद्दल चलन आले, तर घाबरू नका, असे सांगून त्यात चार ‘कायदेशीर’ मुद्दे दिले आहेत: विमानतळ केंद्राचा असल्याने राज्याच्या पोलिसांना तेथे अधिकार नाही, प्रवाशाला हाक मारणे हा घटनेने दिलेला व्यवसायाचा हक्क आहे, साठ दिवसांनी चलन आपोआप रद्द होते, आणि आधी दंड भरून मग अपिलात पैसे परत मिळवता येतात. आपोआप रद्द होणार असेल तर भरायचे कशाला, हा प्रश्न पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकालाही पडलेला दिसत नाही. असेच चलन आलेला माझा मावसभाऊ परवा रात्री हाच संदेश वाचून पैसे भरायला निघाला होता, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण खरे नुकसान त्यानेच होते. चलनाची रक्कम भरणे म्हणजे अनामत ठेवणे नव्हे, ती तडजोड असते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 200 नुसार तडजोड झाली की त्या गुन्ह्याबाबत पुढील कार्यवाही संपते. खटला चालत नाही, निकाल लागत नाही आणि ज्याविरुद्ध अपील करावे असा आदेशच उरत नाही. न्यायालयात उभे राहून गुन्हा कबूल केला, तरी नंतर फार तर शिक्षेच्या प्रमाणाबद्दल किंवा वैधतेबद्दल बोलता येते. मावसभावाकडे तर सांगण्यासारखे पुष्कळ होते. त्याचे रिटर्न भाडे आदल्या संध्याकाळीच ठरले होते, प्रवाशाचा वेळेसह आलेला संदेश मोबाइलमध्ये होता आणि पार्किंगची पावतीही होती. एक बटण दाबले असते, तर हे सारे निरुपयोगी ठरले असते.

व्यवसायाच्या हक्काचे म्हणाल, तर ज्या अनुच्छेद 19 मध्ये तो आहे, त्याच अनुच्छेदात वाजवी निर्बंधांची मुभाही आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याचेच कलम 93 सांगते की, सार्वजनिक सेवा वाहनासाठी गिऱ्हाईक मिळवून देण्याचे काम परवान्याशिवाय करता येत नाही. परतताना रिकामी गाडी दोन टोल भरून खंबाटकी घाट चढवणे किती जिवावर येते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्याने कलम बदलत नाही. केंद्र आणि राज्याच्या मुद्द्यावर शब्द खर्च करण्याचे कारण नाही. जेथे लोकांना जाण्याचा हक्क आहे, ती जागा मोटार वाहन कायद्याने सार्वजनिकच ठरते, मग ती केंद्राची असो वा राज्याची.

साठ दिवसांच्या गोष्टीत मात्र अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी, अशी मुदत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 514 मध्ये आहे. मात्र ती साठ दिवसांची नाही आणि आपोआप काही पुसतही नाही. त्यातून गाडीच्या परमिटच्या अटी मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याचे कलम 192अ लावले असेल, तर तेथे कैदेचीही तरतूद असल्याने हीच मुदत एक वर्षाची होते. म्हणून चलनावरील कलम आधी वाचावे.

मावसभावाने पैसे भरलेले नाहीत. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर हरकत नोंदवली आहे आणि वाहतूक शाखेसाठी लेखी अर्ज तयार आहे. पार्किंगची पावती डॅशबोर्डवर उन्हात पडून फिकट होत चालली होती. तिचा फोटो मात्र त्याच रात्री काढून घ्यायला लावला.