जुनी जीप दारातच सुधारू इच्छिणाऱ्यांस काही हिताच्या सूचना

चारही चाकांना ताकद जाणारी एखादी जुनी जीप घ्यावी, ती घरच्या अंगणातच दुरुस्त करावी आणि जमल्यास तिची योग्यताही वाढवावी, असे आपल्या मनात आले असेल, तर तो विचार मनातून काढण्याच्या फंदात पडू नये. कापसाचे पैसे हाती आलेले असतात, केळीला बरा भाव मिळालेला असतो, आणि चौकातून कुणीतरी उघड्या जीपमध्ये एक हात बाहेर सोडून जाताना दिसलेला असतो. धुळे-जळगावकडे मोठ्या खरेदीला एवढी कारणे पुष्कळ झाली. गाडी निवडताना फार चिकित्सा करू नये. महिंद्राची एमएम ५४०, सीजे म्हणजे विलिजच्या मुलकी जीपच्या वळणाची जुनी पेट्रोल गाडी, मारुतीची जिप्सी किंवा लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत आलेली जोंगा, यांपैकी कोणतीही चालेल. विकणाऱ्याने ‘मिलिटरीची गाडी आहे, भाऊ’ असे म्हटले की पुढची तपासणी तिथेच थांबवावी. चासीवर नुकताच काळा रंग मारलेला असेल, तर त्या रंगाचे मनापासून कौतुक करावे. त्याखाली लोखंड शिल्लक आहे की नुसता गंज, हे टोचा मारून पाहणे म्हणजे विकणाऱ्याच्या सौजन्याचा अपमान होय.

गाडी दारात उभी राहिली की कामाचा क्रम ठरवावा लागतो, आणि अननुभवी माणसे नेमकी इथे घसरतात. ती चाके उघडून ब्रेक पाहतात, स्टिअरिंगचा खेळ तपासतात, पाट्यांचे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंग-पट्ट्यांचे, बुश आणि यू-बोल्ट हलवून बघतात, गिअरबॉक्स व डिफरन्शिअलचे तेल बदलतात. या कामांवर झालेला खर्च कोणालाही दिसत नाही. उद्या भाच्याच्या वरातीत आपली जीप पुढे लावली, तर वऱ्हाडातला एकही पाहुणा खाली वाकून व्हील सिलिंडरचे नवे रबर पाहणार नाही. म्हणून जे दिसते ते आधी आणि जे लागते ते सवडीने, हा नियम धरावा.

दिसणाऱ्या वस्तूंत पहिला मान दिव्यांचा. काचेच्या वर एक लांबलचक एलईडी पट्टी, बंपरवर चार मोठे गोल दिवे आणि आरशांजवळ दोन छोटे, एवढे बसवल्याखेरीज सातपुड्याचे नाव काढू नये. या सर्वांची वायर हेडलाइटच्या मूळ बटणावरूनच घ्यावी. शहाणे वायरमन मध्ये रिले घालायला सांगतात, म्हणजे बटणातून केवळ इशाऱ्यापुरता प्रवाह जातो आणि दिव्यांचा खरा भार बॅटरीकडून येणारी जाड वायर पेलते. परंतु रिले कोठे दिसत नाही, तेव्हा तो पैसा वाचवावा. फ्यूज वारंवार उडू लागला, तर तो काही सांगू पाहत आहे अशी शंका न घेता त्याच्या जागी तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवावे. त्यानंतर फ्यूज उडत नाही; उडायचेच झाले, तर सगळे वायरिंग एकदम उडते. गोल दिवे शक्यतो बरोबर जाळीसमोर, रेडिएटरकडे जाणारी हवा अडेल अशा बेताने लावावेत. भुसावळचा मे महिना पंचेचाळिशीला टेकलेला असताना जीपच्या नाकातोंडावर दिव्यांची ही रांग चढवली की बोनेटमधून वाफ येते, आणि रस्त्याने जाणारे लोक थांबून गाडीकडे बघतात, जो आपला मूळ हेतू होताच.

वाफ फारच येऊ लागली, तर कोणीतरी जाणता मनुष्य थर्मोस्टॅट काढून फेकायला सांगेल. त्याचे अवश्य ऐकावे. इंजिन लवकर योग्य तापमानाला यावे आणि तेथेच राहावे एवढेच त्या बापड्या झडपेचे काम असते. ती काढल्यावर डिसेंबरच्या पहाटे इंजिन बराच वेळ थंडच राहते, डिझेल जास्त पिते आणि आतून झिजते, पण ती झीज दिसत नसल्यामुळे आपल्या नियमाबाहेर पडते. रेडिएटरमध्ये कूलंट न घालता बोअरचे पाणी घालावे. आपल्याकडच्या बोअरला क्षार भरपूर असतात. चहाच्या पातेल्याच्या बुडाला बसणारा तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला की घरच्या वस्तूंत एकरूपता येते.

आता टायर आणि उंची. हा विषय खोल असल्यामुळे येथे थोडे थांबावे लागेल. दुसऱ्या महायुद्धातली विलिज जीप २.२ लिटरचे चार सिलिंडरी इंजिन, ६० अश्वशक्ती आणि ६.००-१६ मापाचे अरुंद टायर एवढ्या सामग्रीवर ब्रह्मदेशाचा चिखल तुडवून आली, आणि आपल्या एमएम ५४० मध्येही २११२ सीसीचे साधेच डिझेल इंजिन होते. ती मंडळी अज्ञानी होती. त्यांना बिचाऱ्यांना रुंद टायर ठाऊकच नव्हते. आपण मात्र सुमारे २८ इंच व्यासाच्या मूळ टायरच्या जागी चांगले ३१ इंची, बाहेर चार बोटे डोकावणारे टायर घालावेत. त्यामुळे स्पीडोमीटर पन्नास दाखवतो तेव्हा गाडी पंचावन्नने धावत असते, अर्थात वेगाची मौज फुकटात वाढते. चाक मोठे झाल्याने प्रत्येक गिअर जड पडतो आणि चढाला तिसऱ्याऐवजी दुसरा टाकावा लागतो. चाकाचा हात लांबला तेवढाच ब्रेकवरचा बोजाही वाढतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत उभ्या जागी चाक वळवताना दंडाला जो व्यायाम होतो, त्यासाठी शहरातले लोक महिन्याला पैसे मोजतात. पहिल्या पावसानंतर आपल्या काळ्या जमिनीत हे टायर घातले की खाचांत चिकणमाती गच्च भरते आणि चारही चाके गुळगुळीत रोलर होऊन जागच्या जागी फिरतात. तेव्हा फोटो फार सुरेख येतो.

एवढे मोठे टायर पाट्यांना आणि मडगार्डला घासू लागतात, म्हणून गाडी उचलावी. त्यासाठी नवे पाटे करून घेण्याची गरज नाही. एखाद्या वेल्डिंगवाल्याकडून शॅकलच्या, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या दुव्याच्या, पट्ट्या लांब कापून आणाव्यात आणि ठोकून द्याव्यात. शॅकल लांबली की पुढचा ॲक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टरचा कोन, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे झुकाव, बिघडतो, त्यामुळे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके थरथर कापू लागतात. जाणकार मंडळी याचा दोष झिजलेले किंगपिन (पुढचे चाक ज्यावर वळते ती खीळ) आणि टायरॉडचे बॉलजॉइंट यांनाही देतात, आणि बहुधा दोघांचाही हातभार असतो. ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर जातात. ब्रेकची रबरी नळी मात्र मूळच्याच लांबीची राहते, त्यामुळे चाक पूर्ण खाली लोंबले की ती तंबोऱ्याच्या तारेइतकी ताणते. पारोळा रस्त्याने जाताना स्टिअरिंग अंगात आल्यासारखे हलू लागले, तर ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ‘रस्ताच खराब आहे’ असे सोबत्यांना सांगावे. ते लगेच मान्य करतील.

ब्रेकचा विषय टाळता आला तर टाळावा. शेजारचे एखादे आबा कट्ट्यावर बसून ‘भाऊ, पहिले तिले उभी ऱ्हावानं शिकाड, मंग पळाड’ असे म्हणतीलच. त्यांचा काळ बैलगाडीचा होता, हे लक्षात घेऊन हसून सोडून द्यावे. फारच आग्रह झाला, तर घरच्या घरी ब्रेक उघडावा. ड्रममधली रबरे डिझेलने किंवा पेट्रोलने स्वच्छ धुवावीत. ब्रेक ऑइलखेरीज दुसऱ्या तेलात ही रबरे फुगतात आणि सिलिंडरात अडकतात, पण धुतल्या दिवशी चकाकतात फार. उघडी राहिलेली जुनी बाटली वापरावी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि मग ते घाटात तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल एकदम तळाला जाते. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे येताना हा अनुभव आला, तर देवाची आठवण मनापासून होते, जी घरी होत नाही.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्याचे काम दोघांचे असते. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकापाशी बसून निप्पल सैल करायचे, तेल आणि बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, निप्पल बंद करायचे आणि मगच पेडल सोडायला सांगायचे. सुरुवात पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून करायची, अशी रूढ पद्धत आहे. आपण पेडलवर आठवीतल्या पुतण्याला बसवावे आणि त्याच्या हाती मोबाइल द्यावा. ‘दाब’ म्हटल्यावर तो सोडेल आणि ‘सोड’ म्हटल्यावर दाबेल, दर खेपेला नळीतून बाहेर जाण्याऐवजी हवा आत जाईल, आणि सायंकाळपर्यंत तेलाचा डबा संपून काका-पुतण्याचे बोलणे बंद होईल. वहिनींनी चहा आणून ठेवला तर तो तेलाच्या वाटीशेजारी ठेवू नये, एवढी एकच सूचना मी गंभीरपणे करतो.

घरच्या गॅरेजसाठी फार साहित्य लागत नाही. लोखंडी घोडी विकत आणण्याऐवजी पडक्या भिंतीच्या विटा रचून त्यावर गाडी टेकवावी आणि स्वतः खाली झोपावे. वीट दाब सोसते, पण तडकायची वेळ आली की आधी कळवत नाही. पान्ह्यांचा पूर्ण संच न घेता एक मोठा पाइप पान्हा सगळीकडे चालवावा. जुन्या काही विलिज वळणाच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, ही गोष्ट माहीत नसलेलीच बरी. नट सुटत नाही म्हणून पान्ह्याला पाइप लावून दोघांनी लटकावे, म्हणजे तो अधिकाधिक आवळत जातो आणि अखेर स्टडच तुटून हातात येतो. तळाचा पत्रा सडला असेल तर वेल्डिंगवाल्याला अंगणातच बोलवावे. बॅटरीची वायर काढण्याची तसदी घेऊ नये, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे डायोड जळल्यास नवा अल्टरनेटर दिसायलाही छान दिसतो. त्या जुन्या सीजे गाड्यांत इंधनाची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते, ही आठवण वेल्डिंगवाल्याला करून देऊ नये; तो उगाच जास्त पैसे मागेल किंवा निघूनच जाईल. सगळे जोडून झाल्यावर चार-पाच नटबोल्ट उरले, तर कंपनीने ते जादाच घातले होते असे समजून डब्यात टाकावेत.

विंच, म्हणजे दोर ओढून रुतलेली गाडी काढणारे विजेचे रहाट, बसवल्यावाचून बंपर पूर्ण होत नाही. पूर्ण ताणाखाली मोठी विंच चारशे अँपिअरच्या घरात प्रवाह ओढते आणि जुना अल्टरनेटर त्याच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणजे चिखलात रुतलेली गाडी बाहेर येण्याआधी बॅटरी बसते. विंचला दोर बांधायला काहीतरी भक्कम लागते. रावेर-यावलच्या पट्ट्यात ही अडचण फार गोड रूप घेते, कारण तेथे नजर जाईल तिथवर केळी असते आणि केळीच्या खोडात लाकूड नसते. दोर गुंडाळून बटण दाबताच घडासकट केळ आपल्याकडे चालत येते आणि तिच्यामागून शेतमालक येतो. यथावकाश त्याचाच ट्रॅक्टर गाडी काढतो. पाण्यातून जाताना इंजिनाला उंचावरून हवा देणारे स्नॉर्केलही लावावेच, फक्त त्याचे सांधे बंद करण्यात वेळ दवडू नये आणि ॲक्सलच्या ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याच्या) नळ्या वर नेण्याचा विचारही करू नये. तापलेला ॲक्सल पाण्यात बुडाला की आतली हवा आकसून पाणी ओढते आणि तेल दुधाळ होते. इंजिनात पाणी गेले तर पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. पण तोवर तापीच्या पात्रातला व्हिडिओ झालेला असतो.

कायद्याची भीती बाळगू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा बजावले आहे, आणि पुढच्या लोखंडी बुलबारविरुद्ध कारवाई करण्यास केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आहे. दंड नगावर असल्याने त्याची पावती ही आपल्या हौसेची अधिकृत यादीच ठरते. ती जपून ठेवावी.

पहिली मोहीम तोरणमाळला न्यावी. डांबरी रस्त्यावरच फोर बाय फोर टाकावा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक सामावायला जागा न मिळून ताण गिअरमध्ये साचतो, वळणावर गाडी अडखळते आणि बसलेल्यांना ताकद जाणवते. उलट खरोखर चिखल लागेल तेव्हा पुढच्या चाकांचे हब, म्हणजे चाक ॲक्सलला जोडणाऱ्या मधल्या चकत्या, हाताने फिरवून जोडायला विसरावे. लिव्हर ओढलेला असतो, आवाजही येतो, फक्त पुढची चाके फिरत नाहीत. आपण असे उभे असताना मागून एसटी येईल आणि हॉर्न वाजवून वर निघून जाईल. तिच्याकडे बघू नये.

पुढेमागे गाडी विकावीशी वाटली, तर जाहिरातीत ‘शौकिनाची गाडी, भरपूर खर्च केलेली’ असे लिहावे आणि किंमत सांगताना मूळ किमतीत टायर, विंच, दिवे यांचा खर्च मिळवून त्यावर आपल्या भावनांचे पैसे धरावेत. गिऱ्हाईक फारच चौकस निघाले आणि एक चक्कर मारून बघतो म्हणाले, तर बॅटरी चार्जिंगला दिली आहे, असे सांगावे.