ओवी पेस्ट केली की तिचा निबंध होतो

दर एकादशीला माझा सकाळचा हाच तमाशा. ॲपमधून ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातल्या पाच ओव्या कॉपी करायच्या, फॅमिली ग्रुपवर टाकायच्या, एवढंच ना, पण नाही, पेस्ट केलं की सगळ्या ओळी एकमेकीला चिकटतात, ओवीचा आकडा पुढच्या ओवीच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि मधे दंड, म्हणजे त्या उभ्या रेघा, कुठे होते ते माऊलींनाच ठाऊक. अहो, ओवीला चार चरण असतात, पहिल्या तिघांना यमक आणि चौथा आखूड, ते डोळ्याला दिसलं तर वाचताना चाल लागेल ना! मावशीने तर विचारलं, "हा निबंध कुणी लिहिलाय रे?"

पीडीएफमधून घ्यावं तर त्याहून आनंद. 'धर्म'चा 'धमर्' होतो, 'सूर्य'चा 'सूयर्', रफार एक अक्षर पुढे पळतो. आणि फाईल जुन्या, युनिकोडच्या (म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या) आधीच्या फॉन्टमधली असेल तर विषयच संपला, कारण आत खरी देवनागरी नसतेच, इंग्रजी अक्षरांना देवनागरीचे कपडे घातलेले असतात, पेस्ट केलं की कपडे उतरतात न् उरते नुसती खिचडी.

मग बसा अंगठ्याने एकेक ओळ तोडत. तोवर चहा गार. आणि शेवटचा कहर म्हणजे ॲपने खाली स्वतःची जाहिरात चिकटवलेली असते, ती मात्र कशी, अगदी नीट, वेगळ्या ओळीत, वर एक ओळ मोकळी सोडून!